'व्हिलन' नावाचा शेतकरी

'सामना' (१९७५) या चित्रपटात निळू फुले यांनी रंगवलेला हिंदुराव धोंडे पाटील कोण, असे विचारले तर मराठी प्रेक्षक एका शब्दात उत्तर देईल: व्हिलन. कारखाना, पंचक्रोशी आणि माणसे मुठीत ठेवणारा सत्ताधीश. उत्तर बरोबरच आहे. मात्र शब्दाचे मूळ पाहिले, तर ते नेमके उलटे होऊन बसते. साडेनऊशे वर्षांपूर्वीच्या इंग्लंडात हे नाव धन्याचे नव्हते. धन्याच्या जमिनीवर राबणाऱ्या कुणब्याचे होते.

शब्दकोशात ही गोष्ट एका ओळीत आटोपते: मूळ अर्थ खेडूत, पुढे अर्थाची अवनती. 'अवनती' हा शब्द फार सोयीचा आहे. पावसाने मातीची भिंत खचावी तसा अर्थ आपोआप खचला, असे त्यातून वाटते. प्रत्यक्षात या खचण्यामागे न्यायाधीश होते, मठाधिपती होते, दरबारी विनोद सांगणारे कवी होते. आणि दुसऱ्या बाजूला हे नाव आपल्याला लागू नये म्हणून वर्गणी काढून खटले लढणारी गावेही होती.

लॅटिनमध्ये 'विला' म्हणजे शहराबाहेरचा वाडा आणि त्याला जोडलेली शेतजमीन. तेथे राबणारा तो 'विलानुस'. फ्रेंचांच्या तोंडी त्याचे 'विलेन' झाले. १०६६ मध्ये नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकले आणि त्याच्या माणसांबरोबर हा शब्दही इंग्लिश खाडी ओलांडून आला. 'व्हिलेज' हा शब्दही याच कुळातला.

१०८६ मध्ये विल्यमने जिंकलेल्या राज्याची मोजदाद करविली. जमीन, नांगर, गिरण्या, कुरणे, माणसे असे सारे काही नोंदवले गेले. तेच प्रसिद्ध 'डूम्सडे बुक'. त्यात नोंदलेल्या माणसांपैकी सुमारे ४० टक्के, म्हणजे एक लाखाहून अधिक लोक, 'विलानुस' या सदरात येतात. गुलामांचे सदर वेगळे आहे. ते सुमारे १० टक्के. झोपडी आणि परसाएवढी जमीन असलेले आणखी निराळे. विलानुसकडे बहुधा वीस-तीस एकर जमीन असे आणि नांगराच्या बैलांत त्याचा वाटा असे. म्हणजे राजाच्या कारकुनांच्या लेखी हा गावातला बऱ्यापैकी शेतकरी होता. त्याच्या नावात अजून शिवी नव्हती.

येथे एका दुसऱ्या शब्दाकडे वळून पाहणे भाग आहे. नॉर्मन येण्यापूर्वी इंग्रजीत सामान्य शेतकऱ्याला घरचा शब्द होता: 'चेओर्ल'. जुन्या अँग्लो-सॅक्सन कायद्यात चेओर्ल हा स्वतंत्र माणूस. त्याचा खून झाला तर मारेकऱ्याच्या कुळाने २०० शिलिंग भरपाई द्यायची. सरदाराचा झाला तर १,२००. सहापट फरक होता, पण त्याच्या जिवाचे मोल कायद्याने लिहून ठेवले होते. आज त्याच शब्दाचे 'चर्ल' झाले आहे आणि 'चर्लिश' म्हणजे उद्धट, असभ्य. गंमत अशी की याच मुळाची दुसरी फांदी 'कार्ल'. तिच्यातून शार्लमेन आणि चार्ल्स ही नावे आली. पोलिश भाषेत तर शार्लमेनच्या नावावरून 'राजा' या अर्थाचाच शब्द तयार झाला. इंग्लंडच्या गादीवर आज तिसरा चार्ल्स आहे. एका फांदीला मुकुट लागला, दुसरीला चिखल.

विलेन या नावाला चिखल लागण्याची सुरुवात न्यायालयात झाली, हे ऐकून काहींना नवल वाटेल.

दुसऱ्या हेन्रीच्या काळात (११५४ ते ११८९) राजाच्या न्यायालयांचा व्याप वाढला. सरदाराने जमिनीवरून हुसकावले तर माणसाला राजाच्या न्यायाधीशाकडे धाव घेता येऊ लागली. इंग्रजी कायद्याच्या इतिहासात ही मोठी अभिमानाची गोष्ट मानतात आणि ती तशी आहेही. पण हा दरवाजा केवळ 'स्वतंत्र' माणसासाठी उघडा होता. मग स्वतंत्र कोण, हे ठरवणे आले. दरवाजा उघडताना उंबरठाही बांधला गेला आणि खेड्यांतील फार मोठा वर्ग उंबरठ्याबाहेर राहिला. त्या बाहेरच्या माणसाचे कायदेशीर नाव ठरले 'विलेन'.

तेराव्या शतकातील ब्रॅक्टनच्या नावाने ओळखला जाणारा कायद्याचा ग्रंथ सांगतो की माणसे एकतर स्वतंत्र असतात किंवा पराधीन. तिसरा प्रकार नाही. विलेनची ओळख तो अशी सांगतो की, उद्या सकाळी धनी कोणते काम सांगणार, हे आज संध्याकाळी त्याला ठाऊक नसते. वेठबिगारीची इतकी नेमकी व्याख्या क्वचितच कुणी केली असेल. डूम्सडेतला गुलाम दरम्यान नाहीसा झाला होता. त्याची पराधीनता मात्र शिल्लक होती आणि ती विलेनच्या खात्यावर चढली.

१२१५ च्या मॅग्ना कार्टाचे कलम ३९ सर्वांना ठाऊक असते: रीतसर निवाड्याशिवाय कोणाही स्वतंत्र माणसाला कैद करता येणार नाही. त्यातले 'स्वतंत्र' हे विशेषण शाळेच्या पुस्तकांत सहसा ठळक होत नाही. विलेनचा उल्लेख त्या सनदेत वेगळ्या ठिकाणी आहे. त्याला दंड करताना त्याची शेतीची साधने बुडू नयेत, एवढेच तेथे म्हटले आहे.

व्यवहारात विलेन असणे म्हणजे काय? आठवड्यातले ठरावीक दिवस धन्याच्या शेतात फुकट काम. मुलीचे लग्न करायचे तर धन्याला पैसे. मुलगी लग्नाआधी कुणाबरोबर राहिली तरी दंड. गाव सोडून बाहेर राहायचे तर वार्षिक पट्टी. घरातला कर्ता मेला की गोठ्यातले सर्वांत चांगले जनावर धन्याचे. दळण धन्याच्याच गिरणीत दळायचे आणि त्याचा मोबदला धान्यात द्यायचा.

धन्यावर खटला भरला तर तो न्यायालयात एकच वाक्य बोलत असे: हा माझा विलेन आहे. ते सिद्ध झाले की खटला तेथेच संपे. सिद्ध करण्याची रीत विलक्षण होती. फिर्यादीच्या नातेवाइकांना न्यायालयात उभे करायचे आणि त्यांच्याकडून 'होय, आम्ही विलेन आहोत' असे वदवून घ्यायचे. चुलतभावाने कबूल केले की तुमचेही स्वातंत्र्य गेले. कुणाच्या आजीच्या लग्नासाठी पैसे भरले होते का, याची पंचांकडे चौकशी होई. घराण्याच्या लाजेची अशी वंशावळ सरकारी खर्चाने तयार होत होती.

डर्बीशायरमधील मिकलओव्हर या गावाचे लोक १२८० च्या सुमारास आपल्या धन्याविरुद्ध राजाकडे गेले. धनी होता बर्टनच्या मठाचा अधिपती. मठाच्या बाजूने असे सांगण्यात आले की या लोकांच्या मालकीचे त्यांच्या पोटाखेरीज काहीच नाही. जनावरे, धान्य, भांडी सारे मठाचे. कायद्याच्या काटेकोर भाषेत ते खरे होते. विलेनची मालमत्ता तत्त्वतः धन्याचीच. पण 'पोटाखेरीज काही नाही' हे वाक्य कायद्याच्या पुस्तकातले नव्हे. त्यात तुच्छतेची चव आहे, आणि ती कुठून आली ते पाहण्यासाठी फ्रान्समध्ये डोकावावे लागते.

बाराव्या-तेराव्या शतकांतील फ्रेंच दरबारी साहित्यात दोन शब्द जोडीने वावरतात. 'कुर्त्वा' म्हणजे दरबाराला शोभेल असा, 'कोर्ट'वरून आलेला. आणि त्याच्या विरुद्ध 'विलेन'. पहिला बोलतो, प्रेम करतो, दान देतो. दुसरा खातो, ओरडतो, घाबरतो. लॅटिनमधील 'विलिस' म्हणजे स्वस्त, हलका, या शब्दाचा 'विला'शी संबंध नाही; पण उच्चार इतका जवळचा की दोन्ही एकमेकांत मिसळले. हलका तो विलेन, विलेन तो हलका.

त्या काळी 'फाब्लियो' नावाच्या छोट्या विनोदी पद्यकथा लोकप्रिय होत्या. त्यांतली एक अशी. एक विलेन दोन गाढवांवर शेण-खत लादून माँपेल्ये शहरात येतो. वाट मसाल्याच्या व्यापाऱ्यांच्या गल्लीतून जाते. दालचिनी-लवंगांचा वास नाकात शिरताच तो बेशुद्ध पडतो. लोक जमतात. एक शहाणा माणूस पुढे होऊन त्याच्याच ओझ्यातले फावडेभर खत त्याच्या नाकाशी धरतो. विलेन ताजातवाना होऊन उठतो आणि या वाटेने पुन्हा येणार नाही, अशी शपथ घेतो.

र्‍युतबफ या कवीची कथा याहून पुढे जाते. मरणाऱ्या विलेनचा आत्मा नेण्यासाठी सैतानाचा दूत पिशवी घेऊन बसतो. आत्मा खालच्या वाटेने बाहेर पडेल असा त्याचा समज. पडतो तो अधोवायू. पिशवी नरकात उघडल्यावर असा हाहाकार माजतो की यापुढे विलेनच्या आत्म्याला नरकातही प्रवेश नाही, असा ठराव होतो. स्वर्गाची दारे तर बंदच होती.

हसू येते, यात शंका नाही. हसू यावे म्हणूनच या कथा रचल्या होत्या. पण शेतकऱ्याच्या शेणाला हसणारे जे गव्हाचे पांढरे पाव खात होते, ते त्याच शेणातून उगवत होते. आणि हे सुचवणारी फाब्लियोही आहे. तिच्यातला विलेन मेल्यावर देवदूताच्या मागोमाग गुपचूप स्वर्गात शिरतो. सेंट पीटर त्याला हाकलू लागतो. विलेन विचारतो, आपल्या गुरूला तीन वेळा नाकारणारे ते आपणच ना? थॉमस येतो, त्याला त्याच्या संशयाची आठवण करून दिली जाते. पॉल येतो, त्याला स्टीफनवरच्या दगडफेकीची. शेवटी प्रकरण देवापुढे जाते आणि देव निकाल देतो: तू वाद जिंकलास, राहा. पृथ्वीवरच्या न्यायालयात जे विलेनला मिळत नव्हते, ते या कथेत त्याला मिळते: आपली बाजू मांडण्याची परवानगी.

शहर सभ्य आणि खेडे असभ्य, ही मांडणी केवळ युरोपची नाही. संस्कृत काव्यशास्त्रात 'ग्राम्य' हा काव्याचा दोष आहे, आणि वात्स्यायनाचा अभिरुचीसंपन्न रसिक 'नागरक' म्हणवतो. मराठीत गावंढळ, खेडवळ हे शब्द आजही सहज वापरले जातात. 'कुणबाऊ' हा शब्द तर 'विलेन'चा सख्खा भाऊ शोभावा: एका जातीचे, एका धंद्याचे नाव, आणि त्याला लागलेला ओबडधोबडपणाचा अर्थ. देवाने आपल्याला कुणबी केले याबद्दल तुकोबांनी समाधान व्यक्त केले, त्यातली धार या पार्श्वभूमीवर कळते. उच्चवर्णीयांच्या तोंडचे हलके नाव त्यांनी देवाचे देणे म्हणून स्वीकारले होते.

इंग्लंडच्या खेड्यांत हे नाव कुणी स्वीकारायला तयार नव्हते. चौदाव्या शतकातील डरहॅमच्या गावसभांच्या दप्तरांत एक हुकूम सापडतो: कोणीही कोणाला 'नेटिव्ह' म्हणू नये, म्हटल्यास दंड. लॅटिन 'नातिवुस' म्हणजे जन्माने असा. आणि मॅनरच्या दप्तरात, म्हणजे सरदाराच्या वा मठाच्या जहागिरीच्या कागदांत, जन्माने पराधीन असा. हा विलेनचाच दुसरा प्रतिशब्द. शेजाऱ्याशी बांधावरून भांडण झाले की लोक हा शब्द फेकून मारत आणि तो वर्मी लागे. साहजिकच होते. ही शिवी चारचौघांत उच्चारली गेली आणि कुणी हरकत घेतली नाही, तर उद्या न्यायालयात ती पुरावा ठरण्याची भीती होती. (हाच 'नेटिव्ह' शब्द अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत इंग्रजांनी भारतीयांसाठी वापरला, १८२७ च्या 'बॉम्बे नेटिव्ह एज्युकेशन सोसायटी'च्या नावातही तो आहे. तेथे अर्थ 'या भूमीत जन्मलेला' एवढाच. पण शब्दाचा जुना इतिहास माहीत असला की कान थोडे टवकारतात.)

१३४८-४९ च्या महामारीने चित्र बदलले. ब्लॅक डेथमध्ये इतकी माणसे मेली की उरलेल्यांच्या श्रमाला भाव आला. सरकारने लगेच, १३४९ मध्ये वटहुकूम आणि १३५१ मध्ये कायदा करून मजुरीचे दर महामारीपूर्वीच्या पातळीवर बांधले. धन्यांनी जुन्या वेठीची कागदपत्रे पुन्हा बाहेर काढली. आणि गावांनीही एक कागद बाहेर काढला.

हा कागद म्हणजे डूम्सडे बुक. विलेनच्या कथेतला हा सर्वांत विलक्षण प्रसंग, आणि १३८१ च्या बंडाच्या झगमगाटात तो झाकला जातो. कायद्यात एक पळवाट होती: जे गाव १०६६ पूर्वी वा विल्यमच्या काळी थेट राजाच्या मालकीचे होते, तेथील कुळांवर जुन्या रिवाजापेक्षा जास्त बोजा लादता येत नसे. याचा पुरावा म्हणजे डूम्सडेतील नोंद. १३७७ मध्ये दक्षिण इंग्लंडातील विल्टशायर, हॅम्पशायर, सरे आदी भागांतल्या किमान ४० गावांनी पैसे गोळा करून, राजाच्या कचेरीतून आपापल्या गावच्या नोंदीच्या अधिकृत, मोहोरबंद नकला विकत घेतल्या. मग त्यांनी धन्याला सांगितले की आम्ही वेठ करणार नाही, हा पाहा कागद.

या लोकांपैकी बहुतेकांना लिहिता-वाचता येत नव्हते. ज्या दप्तराने त्यांच्या पूर्वजांना 'विलानुस' या सदरात घातले, त्याच दप्तरात आपली सुटका लिहिलेली आहे, अशी त्यांची श्रद्धा होती. त्याच वर्षी संसदेत जमीनमालकांनी तक्रार केली की कुळे संगनमत करून, पैसा जमवून, या नकलांच्या जोरावर काम नाकारत आहेत. इतिहासकारांनी या घटनेला 'ग्रेट रुमर', म्हणजे मोठी अफवा, असे नाव दिले आहे. नाव थोडे अन्यायकारक वाटते. नकला खऱ्या होत्या. कायद्याचा मुद्दाही खरा होता. बहुतेक गावांना तो लागू होत नव्हता, एवढेच. दावे फेटाळले गेले.

चार वर्षांनी, जून १३८१ मध्ये, डोईपट्टीच्या निमित्ताने केंट आणि एसेक्सचे लोक लंडनवर चालून गेले. १४ जूनला माइल एंड येथे चौदा वर्षांच्या दुसऱ्या रिचर्डसमोर त्यांनी मागण्या ठेवल्या. विलेनपद रद्द व्हावे; जमिनीचा खंड एकरी चार पेनी असावा. राजाने मान्य केले. तीस कारकून सनदा लिहायला बसवले गेले. दुसऱ्याच दिवशी स्मिथफील्डला बंडाचा नेता वॉट टायलर मारला गेला आणि २ जुलैला सर्व सनदा रद्द झाल्या. इतिवृत्तकार थॉमस वॉल्सिंगहॅम सांगतो की सनदांची आठवण द्यायला आलेल्या एसेक्सच्या लोकांना राजाने उत्तर दिले: तुम्ही गावंढळ होता आणि गावंढळच राहाल. राजाचे नेमके शब्द हेच होते की ते त्या साधूने आपल्या मनातले राजाच्या तोंडी घातले, हा प्रश्न फारसा महत्त्वाचा नाही. दोघांचीही बाजू एकच होती.

वॉल्सिंगहॅम ज्या सेंट ऑल्बन्स मठात राहत होता, तेथे त्या जूनमध्ये जे घडले ते त्यानेच लिहून ठेवले आहे. त्या गावच्या लोकांना मठ आपली पराधीन कुळे समजत असे. मठाच्या गिरणीतच दळण आणण्याची सक्ती होती. पण लोक घरी जात्यावर दळत. साधारण पन्नास वर्षांपूर्वी रिचर्ड ऑफ वॉलिंगफर्ड हा मठाधिपती असताना घराघरांतली जाती जप्त झाली होती. हा वॉलिंगफर्ड मोठा गणिती. त्याने बांधलेले खगोलीय घड्याळ इतिहासात गाजले आहे. त्याच्या काळात जप्त केलेल्या जात्यांची तळी आणि पाळी मठातल्या बैठकीच्या दालनाच्या फरशीत बसवली गेली. जातायेता लोकांच्या स्वातंत्र्यावर पाय पडावा, याहून बोलकी फरशी कोण घालणार!

१३८१ मध्ये लोक त्या दालनात शिरले. त्यांनी फरशी उखडली, जात्यांचे दगड फोडले आणि त्यांचे तुकडे आपसांत वाटून घेतले. रविवारी चर्चमध्ये प्रसादाचा पाव वाटावा तसे, असे वॉल्सिंगहॅम लिहितो. त्याला तो अधर्म वाटला. म्हणूनच त्याने ही उपमा दिली असावी. पण जात्याला हळदकुंकू वाहणाऱ्या घरांतल्या वाचकाला ती उपमा वेगळीच ऐकू येईल. तुकडे घरी नेण्यात दळणाचा काही उपयोग नव्हता. ती आपली वस्तू परत घेणे होते. महिनाभरात त्यांचा पुढारी विल्यम ग्रिंडकॉब फाशी गेला. समतेचा उपदेश करणारा जॉन बॉल यालाही त्याच गावी, १५ जुलैला, देहान्त शिक्षा झाली.

लंडनमध्ये बंडखोर ज्या वेशींतून आत आले, त्यांतली एक ऑल्डगेट. तिच्या वरच्या खोल्या १३७४ पासून एका सरकारी अधिकाऱ्याला राहण्यास दिलेल्या होत्या. अधिकाऱ्याचे नाव जेफ्री चॉसर. त्याच्या 'कँटरबरी टेल्स'मधल्या आदर्श शूरवीराचे वर्णन असे की त्याने आयुष्यात कुणाशी 'व्हिलनी'ची भाषा केली नाही. खेडूतपण आता जिभेचा दुर्गुण झाले आहे. त्याच ग्रंथात बाथच्या बाईच्या कथेतील म्हातारी एका उमरावाला सुनावते की कुलीनता जन्माने येत नाही. माणूस 'चर्ल' ठरतो तो वाईट कृत्यांनी.

हा विचार उदार आहे. वरवर पाहता तो विलेनच्याच बाजूचा आहे. पण त्याचा परिणाम विचित्र झाला. जन्म आणि चारित्र्य वेगळे केले गेले, आणि चारित्र्याच्या वाट्याला जुनेच शब्द राहिले. चांगल्याला उमरावाचे नाव, वाईटाला शेतकऱ्याचे. 'जंटल' म्हणजे कुलीन, म्हणून सौम्य. 'नोबल' म्हणजे सरदार, म्हणून उदात्त. 'नेव्ह' म्हणजे मुळात पोऱ्या, मग नोकर, मग लबाड. सी. एस. लुइस यांनी 'स्टडीज इन वर्ड्स' (१९६०) या पुस्तकात दर्जावाचक शब्द असे नीतिवाचक कसे होतात, याचा ऊहापोह केला आहे. नीत्शेने १८८७ मध्ये जर्मन शब्दांवरून याच दिशेने बोट दाखवले होते. लुइस यांचे विवेचन अधिक शांत आहे. नीत्शेला या प्रकाराचा राग येत नव्हता, हे त्याच्या वाचकाने ध्यानात ठेवलेले बरे.

शब्द दोन अर्थांच्या मध्ये नेमका कधी लटकत होता, ते शेक्सपिअरच्या 'ॲज यू लाइक इट' या नाटकाच्या (सुमारे १५९९) पहिल्याच प्रवेशात दिसते. थोरला भाऊ ऑलिव्हर धाकट्या ऑर्लँडोला 'व्हिलन' म्हणतो. त्याला अभिप्रेत आहे दुष्ट. ऑर्लँडो ते दुसऱ्या अर्थाने घेतो आणि उसळून म्हणतो की आपण सर रोलंड यांचे पुत्र आहोत, हलक्या कुळातले नव्हे. नैतिक आरोपाला त्याने जन्मदाखल्याने उत्तर दिले. ऑर्लँडोची मूळ तक्रारही हीच की भावाने त्याला शिक्षण न देता शेतकऱ्यासारखे वाढवले. त्या काळच्या प्रेक्षकाला दोन्ही अर्थ एकदम कळत होते. आजच्या प्रेक्षकासाठी संपादकाला तळटीप द्यावी लागते. पुढे छापखान्यांनी दोन वर्णलेखने वेगळी केली: कायद्याचा तो 'व्हिलेन', बदमाश तो 'व्हिलन'. कथेतील खलपात्र हा अर्थ त्याहून उशिराचा, एकोणिसाव्या शतकातला.

मराठीने त्यासाठी 'खलनायक' हा शब्द चालवला. संस्कृत कोशात 'खल' या एकाच रूपाखाली दोन अर्थ मिळतात: दुष्ट माणूस आणि धान्य मळण्याचे खळे. हा केवळ योगायोगही असेल. पण व्हिलनसाठी निवडलेल्या शब्दाच्या शेजारी खळे निघावे, ही गंमत नोंदवून ठेवण्याजोगी आहे.

विलेनपद कधीच कायद्याने रद्द झाले नाही. १५४९ मध्ये रॉबर्ट केटच्या नेतृत्वाखाली नॉर्फकच्या बंडखोरांनी सर्व बांधील माणसे मुक्त करा, अशी मागणी लेखी केली. केटला फाशी झाली. पण तोवर बहुतेक विलेन दुसऱ्या वाटेने सुटत आले होते. मजुरांची टंचाई, शहरांची ओढ, वेठीऐवजी रोख खंड. मॅनरच्या दप्तरातील नोंदीची नक्कल हाती बाळगणारे कूळ, म्हणजे 'कॉपीहोल्डर', हे त्यांचे नवे नाव झाले. विलेनच्या जमिनीचा हा वारसा १९२६ पर्यंत टिकला. फिर्यादी आपला विलेन आहे, असा बचाव छापील निवाड्यांत शेवटचा दिसतो तो १६१८ च्या सुमारास, 'पिग विरुद्ध केली' या खटल्यात.

दीडशे वर्षांनी लंडनच्या न्यायालयात हे मेलेले पद पुन्हा उकरले गेले. जेम्स सॉमरसेट हा कृष्णवर्णीय गुलाम १७६९ मध्ये मालकाबरोबर अमेरिकेतील वसाहतींतून इंग्लंडला आला, १७७१ मध्ये पळाला, पकडला गेला आणि जमैकाला विकण्यासाठी जहाजावर बेड्या घालून ठेवण्यात आला. त्याच्या वतीने उभा राहिला फ्रान्सिस हारग्रेव्ह हा तरुण वकील. त्याने विलेनचा सारा कायदा न्यायालयापुढे मांडला. इंग्लंडच्या कायद्याला ठाऊक असलेली गुलामगिरी एकच, ती म्हणजे विलेनपद. ते पिढ्यान्‌पिढ्यांच्या अखंड रिवाजाने सिद्ध व्हावे लागते. ते सिद्ध करू शकेल असा धनी आता उरलेला नाही. आणि नवी गुलामगिरी निर्माण करण्याची सोय कायद्यात नाही. ज्या अटींनी पूर्वी विलेनला न्यायालयाबाहेर ठेवले, त्याच अटी मालकाच्या वाटेत आडव्या आल्या.

२२ जून १७७२ रोजी लॉर्ड मॅन्सफील्ड यांनी निकाल दिला. तो हारग्रेव्हच्या मांडणीपेक्षा बराच आखूड होता. मालकाला या माणसाला बळाने देशाबाहेर नेता येणार नाही, एवढेच त्यात ठरले. सॉमरसेट त्या दिवशी न्यायालयातून मोकळा बाहेर पडला.